गुल मोहम्मद (क्रिकेट खेळाडू)

गुल मोहम्मद (१५ ऑक्टोबर १९२१ – ८ मे १९९२) हे भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांकडून कसोटी सामने खेळलेले क्रिकेट खेळाडू होते. त्यांच्याखेरीज हा प्रसंग केवळ अमीर इलाही आणि अब्दुल हफीझ कारदार यांच्या वाट्याला आला. डावखुरे फलंदाज आणि चपळ क्षेत्ररक्षक म्हणून ते ओळखले जात.

== बडोदा ==
गुल मोहम्मद यांचा जन्म लाहोर येथे झाला. रणजी करंडक स्पर्धेत ते काही काळ गायकवाडांच्या बडोदा संस्थानाच्या संघाकडून खेळले. मार्च १९४७ मध्ये बडोदे येथे होळकर संघाविरुद्ध झालेल्या अंतिम सामन्यात, ३ बाद ९१ अशा स्थितीत, त्यांनी मूळचे सांगलीचे विजय हजारे यांच्यासह चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. गुल मोहम्मद यांनी ३१९, तर हजारे यांनी २८८ धावा केल्या. बडोद्याने हा सामना एक डाव आणि ४०९ धावांनी जिंकला.

प्रथम श्रेणी क्रिकेटमधील कोणत्याही गड्यासाठीचा हा उच्चांक २००६ पर्यंत अबाधित होता. त्या वर्षी श्रीलंकेच्या संगकारा व जयवर्धने यांनी ६२४ धावा जोडल्या. रणजी स्पर्धेतील उच्चांक २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या स्वप्नील गुगळे व अंकित बावणे यांनी नाबाद ५९४ धावांच्या भागीदारीने मागे टाकला.

== कसोटी कारकीर्द ==
जून १९४६ मध्ये लॉर्ड्स येथे इंग्लंडविरुद्ध त्यांनी कसोटी पदार्पण केले. हजारे आणि कारदार यांचाही तो पहिलाच कसोटी सामना होता. कारदार त्या वेळी अब्दुल हफीझ या नावाने खेळत. फाळणीनंतर गुल मोहम्मद भारतातच राहिले. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ते पाचही कसोटी सामने खेळले. १९५२-५३ मध्ये भारत व पाकिस्तान यांच्यातील पहिल्या कसोटी मालिकेत ते दोन सामन्यांत भारतीय संघात होते. पाकिस्तानचे कर्णधार कारदार होते आणि इलाही त्यांच्या संघात होते.

१९५५ मध्ये गुल मोहम्मद यांनी पाकिस्तानचे नागरिकत्व स्वीकारले. ऑक्टोबर १९५६ मध्ये कराची येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध ते पाकिस्तानकडून आपला एकमेव सामना खेळले. फझल महमूद यांच्या १३ बळींमुळे गाजलेल्या या सामन्यात त्यांनी १२ आणि नाबाद २७ धावा केल्या. पाकिस्तानने नऊ गडी राखून विजय मिळवला. लॉर्ड्सवर भारताकडून एकत्र पदार्पण केलेले गुल मोहम्मद व कारदार येथे दहा वर्षांनी पुन्हा एका संघात आले.

== मूल्यमापन ==
भारताकडून आठ आणि पाकिस्तानकडून एक अशा नऊ कसोटी सामन्यांत त्यांच्या एकूण धावा २०५ असून सर्वोच्च धावसंख्या ३४ आहे. त्यांची खरी ओळख कसोटी आकड्यांत नसून बडोद्याच्या भागीदारीत आहे. फाळणीच्या पाच महिने आधी लाहोर आणि सांगलीच्या या दोन फलंदाजांनी उभारलेली ही भागीदारी चौथ्या गड्यासाठीचा जागतिक उच्चांक म्हणून ओळखली जाते.