आर्देशच्या डोंगरातील वहिवाटीच्या वाटा

फ्रान्स आणि सायकल म्हटले की सामान्यतः ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत आणि तिच्यातील डांबरी घाटरस्ते डोळ्यांपुढे येतात. अलीकडच्या काळात मात्र तेथील डोंगराळ ग्रामीण भागात एक निराळाच सायकलप्रवास रुजला आहे. डांबर सोडून खडीच्या, मुरमाच्या आणि मातीच्या वाटांनी होणाऱ्या या प्रवासाला ‘ग्रॅव्हल बायकिंग’ म्हणतात. या वाटा आल्या कोठून आणि टिकल्या कशा, हे आग्नेय फ्रान्समधील आर्देश या विभागाच्या उदाहरणावरून पाहणे उद्बोधक ठरेल.

खडीवर चालणारी सायकल

ग्रॅव्हल सायकल प्रथमदर्शनी शर्यतीच्या सायकलीसारखीच दिसते. हॅन्डल तसेच खाली वळलेले असते. फरक आहे तो टायर, ब्रेक आणि गिअर यांत. शर्यतीच्या सायकलीचे टायर साधारणतः २५ ते ३० मिलिमीटर रुंद असतात, तर या सायकलीचे बहुधा ४० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक. रुंद टायरमध्ये हवा कमी दाबाने भरता येते. त्यामुळे चाक खडीवर उसळत नाही आणि त्याची पकड सुटत नाही. उतारासाठी डिस्क ब्रेक असतात, तर चढासाठी पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक जेमतेम एकदा फिरेल इतका हलका गिअर असतो.

डोंगरात असे गिअर हवेतच, हे आग्रहाने सांगणाऱ्यांत पॉल द व्हिव्ही (१८५३-१९३०) अग्रणी होते. आर्देशच्या उत्तरेस असलेल्या सेंत-एत्येन शहरात त्यांनी रेशमाचा व्यापार सोडून सायकलींचा व्यवसाय पत्करला आणि १८८७ मध्ये सायकलविषयक नियतकालिक सुरू केले. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने ते लिहीत. ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीत मात्र गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला १९३७ मध्ये मुभा मिळाली. व्हेलोसिओंच्या उमेदीच्या काळात बहुतेक रस्त्यांवर डांबर नव्हतेच. त्या अर्थाने आजचा हा ‘नवा’ छंद जुन्याच प्रवासाचे पुनरुज्जीवन आहे.

रेशीम, चेस्टनट आणि मीटर गेज

आर्देशच्या उतारांवर शेतकऱ्यांनी दगडी बांध रचून पायऱ्यापायऱ्यांची शेते तयार केली. चेस्टनटच्या बागा, तुतीची लागवड, रेशीमकिड्यांचे संगोपन आणि नदीकाठच्या सूतगिरण्या यांवर वस्त्या जगत. शेत, बाग, गिरणी आणि बाजार यांना जोडणाऱ्या खेचरांच्या वाटा व गाडीवाटा डोंगरभर पसरल्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेशीमकिड्यांवर रोग आला, पुढे द्राक्षवेलींवरही कीड पडली आणि माणसे शहरांकडे निघाली. १८६१ मध्ये या विभागाची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८८ हजार होती. त्यानंतर शंभर वर्षांनी ती अडीच लाखांच्या आसपास उरली.

एरियो नदीच्या खोऱ्यातून धावणारी मीटर गेज रेल्वेही १९६८ मध्ये बंद झाली. शेजारच्या खोऱ्यातील तूर्नों ते लामास्त्र हा टप्पा हौशी मंडळींनी पर्यटनासाठी पुन्हा सुरू केला. एरियो खोऱ्यातील रूळ उखडले गेले, तरी पूल, बोगदे आणि कापलेले डोंगर शिल्लक होते. त्याच मार्गावर आज ‘डोल्चे व्हिया’ हा सुमारे ९० किलोमीटरचा सायकलमार्ग उभा आहे. ऱ्होन नदीकाठच्या ला व्हूल्त येथून तो ल शेलार या गावी पोहोचतो. तेथून एक फाटा लामास्त्रकडे, तर दुसरा सुमारे हजार मीटर उंचीवरील सेंत-आग्रेव्हकडे जातो. आगगाडीला तीव्र चढ चढता येत नसल्याने हा मार्ग डोंगराला वळसे घेत सावकाश वर चढतो. परिणामी नवख्या प्रवाशालाही तो झेपतो.

वहिवाट हाच आधार

रेल्वेमार्ग सोडून बाजूच्या जुन्या वाटेला लागले की चढ एकदम उभा होतो. यांतील अनेक वाटा कायद्याच्या भाषेत ‘ग्रामीण मार्ग’ आहेत. त्यांची मालकी ग्रामपालिकेची असते, परंतु त्यांचे सार्वजनिक स्वरूप लोकांच्या वापरावर अवलंबून असते. वापर थांबला, तर सार्वजनिक चौकशीनंतर ग्रामपालिका अशी वाट विकू शकते. एखाद्याने तीस वर्षे तिच्यावर निर्वेध ताबा ठेवला, तर तो मालकीचाही दावा करू शकतो. १९८३ च्या कायद्यानुसार विभागीय भ्रमंती आराखड्यात नोंदलेल्या वाटांना अधिक संरक्षण आहे. अशी वाट विकायची झाल्यास पर्यायी वाट उपलब्ध करून देणे बंधनकारक असते.

बँकेच्या खातेदारांना हे तत्त्व परिचित वाटेल. बचत खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ ग्राहकाने व्यवहार केला नाही, तर ते ‘निष्क्रिय’ ठरते. खात्यातील पैसा मात्र खातेदाराचाच राहतो. निर्मनुष्य वाटेला तेवढीही हमी नाही. म्हणूनच तिच्यावरून जाणारा प्रत्येक पादचारी, गुराखी आणि सायकलस्वार गावाची वहिवाट जागती ठेवत असतो.

प्रवाशांसाठी

भारतीय पर्यटकाला शेंगेन व्हिसा आवश्यक आहे. व्हालाँस शहरापर्यंत रेल्वेने जाऊन पुढे ऱ्होनकाठच्या ‘व्हिया ऱ्होना’ या सायकलमार्गाने ला व्हूल्त गाठता येते. वसंत ऋतू आणि सप्टेंबर महिना सोयीचे. उन्हाळ्यात उष्मा असतो, तर शरद ऋतूत या भागात अकस्मात मुसळधार पाऊस कोसळतो. त्याच सुमारास शिकारीचा हंगामही असतो, तेव्हा सूचनाफलकांकडे लक्ष द्यावे. लहान गावांत दुपारी व सोमवारी अनेक दुकाने बंद असतात. त्यामुळे पाणी, खाद्यपदार्थ, पंक्चरचे साहित्य आणि थोडे रोख युरो जवळ असावेत.

गुरांसाठी लावलेले फाटक उघडावे लागले, तर मागे ते पुन्हा लावून घ्यावे. पादचाऱ्यांना आधी वाट द्यावी आणि ओल्या मातीत चर पाडणे टाळावे. वापराने वाट टिकते हे खरे. तथापि तो वापर शेजारच्या शेतकऱ्याला जाचक होऊ लागला, तर ती बंद करण्याची मागणीही त्याच गावातून पुढे येते.