रिपोर्ट नॉर्मल, तरी जेवण मोजून

‘भाचीला अ‍ॅनोरेक्सियासाठी दाखल केलंय. नुसती हाडं उरलीत, तरी डॉक्टर जेवण मोजूनमापून देतात. असं का?’ एका वाचक ताईंचा हा प्रश्न.

उपाशी शरीर चरबी जाळून तग धरतं. त्याला एकदम भात-पोळी मिळाली की इन्सुलिन उसळतं आणि पेशी रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम ओढून घेतात. फॉस्फेट घसरलं की हृदयाची लय बिघडते, श्वासाचे स्नायूही दमतात. हा ‘रीफीडिंग सिंड्रोम’. फसवं म्हणजे, दाखल होतानाचा रक्ताचा रिपोर्ट बऱ्याचदा नॉर्मल येतो. चैत्रातल्या विहिरीत पाणी दिसतं, पण झरे आटलेले असतात. मोटर लावली की तासाभरात तळ उघडा पडतो, तसंच हे. म्हणून खरा धोका जेवण सुरू झाल्यावरचे पहिले काही दिवस.

हा प्रश्न जुनाच आहे. एप्रिल 1945 मध्ये बर्गन-बेल्सनची नाझी छळछावणी मुक्त झाली, तेव्हा ब्रिटिश पथकांनी कैद्यांसाठी जे मिश्रण आणलं, त्याचं नाव होतं ‘बंगाल फॅमिन मिक्श्चर’! 1943 च्या आपल्याकडच्या दुष्काळातला अनुभव तिकडे पोचला होता. दुधाची पावडर, पीठ, मीठ आणि भरपूर साखर. इतकं गोड, की अनेकांच्या घशाखाली उतरेना. सुटकेनंतरही तिथे हजारो माणसं दगावली. अर्थात टायफस थैमान घालत होता, त्यामुळे सगळं खापर अन्नावर फोडता येत नाही.

1981 मध्ये वाइन्सियर आणि क्रुमडिक या डॉक्टरांनी शिरेतून भरमसाट पोषण दिल्यावर दगावलेल्या दोन रुग्णांची नोंद छापली. धास्ती वाढली. 2006 च्या ब्रिटिश मार्गदर्शिकेने जास्त धोक्याच्या रुग्णांना दिवसाला किलोमागे फार तर 10 कॅलरींनी सुरुवात करायला सांगितलं. ही जरा अतीच सावधगिरी, असं माझं मत. काही रुग्ण इस्पितळातच आणखी वाळू लागले. 2021 मध्ये छापून आलेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत 12 ते 24 वयाच्या काही रुग्णांना दिवसाला 1,400 ऐवजी थेट 2,000 कॅलरींवर सुरू केलं. 1,400 वाल्यांपेक्षा ते तीन दिवस आधी सावरले, क्षारांचे घोटाळेही वाढले नाहीत. मात्र अगदी टोकाचे कुपोषित रुग्ण त्या चाचणीत नव्हते.

खरी राखण करते ती रोज सकाळची रक्ततपासणी आणि कमी पडताच दिलेलं फॉस्फेट. अशा चाचण्यांच्या बातम्यांत मात्र कॅलरींचाच आकडा झळकतो.

तेव्हा ताई, कॅलरींबरोबर आजचं फॉस्फेट किती, हेही विचारा. आणि तिच्या घोट्यांवर सूज आली तर डॉक्टरांच्या कानावर घाला. जेवण सुरू झाल्यावर अंगात पाणी साठतं. भाची मात्र त्यालाच ‘जाडी’ समजून ताट सरकवू शकते.