एल्व्हा नदी आणि चढणीचे मासे

मृगाचा पाऊस होऊन ओढे-वहाळ भरले म्हणजे नदीतील मासे प्रवाहाच्या उलट दिशेने भातखाचरांकडे अंडी घालण्यासाठी निघतात. कोकणात त्यांस ‘चढणीचे मासे’ म्हणतात. कोठे ‘वलगणीचे’ असाही प्रयोग आढळतो. मराठी शास्त्रीय लेखनात ‘स्थलांतर करणारे मत्स्य’ असा जड प्रयोग वापरला जातो आणि चढण हा घडलेला, नेमका शब्द बाजूस राहतो, हे चमत्कारिक होय. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅमन माशाचीही अशीच चढण असते. मात्र तो समुद्रातून येतो आणि त्याची वाट कितीतरी लांबची असते.

नदीतळाच्या बारीक गोट्यांत जन्मलेले सॅमनचे पिलू समुद्रात जाते, तेथे काही वर्षे वाढते, आणि बहुधा आपल्या जन्माच्याच ओढ्यात परत येते. ही ओळख पाण्याच्या वासावरून पटत असावी, असा विचार विस्कॉन्सिन विद्यापीठातील आर्थर हॅस्लर व वॉरन विस्बी यांनी १९५१ मध्ये मांडला आणि पुढील प्रयोगांनी त्यास पुष्टी मिळाली. प्रशांत महासागरातील बहुतेक सॅमन अंडी घातल्यावर मरतात. त्यांची कलेवरे अस्वले व पक्षी खातात, उरलेली काठावर कुजतात. अशा रीतीने समुद्रातील नायट्रोजन डोंगरातील वृक्षांपर्यंत पोहोचतो. तेव्हा चढण थांबली म्हणजे केवळ मासेमारी बुडते असे नव्हे, तर अरण्याचे खतही बंद होते.

वॉशिंग्टन राज्यातील एल्व्हा ही ऑलिंपिक पर्वतात उगम पावून हुआन दे फूका सामुद्रधुनीस मिळणारी सुमारे ७२ किलोमीटर लांबीची नदी. मुखापासून अवघ्या ८ किलोमीटरांवर १९१० मध्ये एल्व्हा धरणाचे बांधकाम सुरू झाले. १९१२ मध्ये त्याचा पाया फुटून पूर आला. तरी डागडुजी करून १९१३ मध्ये ते पुरे करण्यात आले. वरच्या अंगास ६४ मीटर उंचीचे ग्लाइन्स कॅनियन धरण १९२७ मध्ये उभे राहिले. माशांस वाट ठेवणे राज्याच्या कायद्याने बंधनकारक असूनही एकाही धरणास मत्स्यसोपान नव्हता. वाटेऐवजी मत्स्यबीज केंद्र चालविण्याची तडजोड मान्य झाली, आणि ते केंद्रही १९२२ मध्ये सोडून देण्यात आले.

मागाहून सोपान बांधून भागले नसते काय, असा प्रश्न साहजिक आहे. अडचण केवळ भिंतीची नव्हती. नदी पाण्याबरोबर वाळू-गोटेही वाहते. जलाशयात तो गाळ अडकल्याने खालच्या पात्रात अंडी घालण्याजोगी बारीक खडी उरली नाही, मोठे धोंडे तेवढे राहिले, आणि मुखाजवळचा किनारा झिजत गेला. उलटपक्षी वरचे बहुतेक खोरे राष्ट्रीय उद्यानात असल्याने अबाधित होते. १९९२ च्या कायद्याने एल्व्हाच्या पुनःस्थापनेस मान्यता मिळाली. काम सप्टेंबर २०११ मध्ये सुरू झाले, खालचे धरण २०१२ मध्ये गेले, वरचे ऑगस्ट २०१४ पर्यंत टप्प्याटप्प्याने उतरविण्यात आले. दोन्ही जलाशयांत मिळून सुमारे २ कोटी १० लक्ष घनमीटर गाळ होता. तो एकदम सुटू नये म्हणून ही मंदगती आवश्यक होती. तरीही काही काळ नदी राखाडी चिखलाची झाली. पुढे त्याच गाळाने मुखाशी नवी वाळूची भूमी घातली.

सर्वांत उद्बोधक वर्तन स्टीलहेडचे. हा मासा आणि गोड्या पाण्यातच राहणारा रेनबो ट्राउट एकाच जातीचे आहेत. धरणांच्या वर शंभर वर्षे कोंडलेल्या ट्राउटच्या वंशात समुद्रात जाण्याची आनुवंशिक क्षमता शिल्लक होती. वाट मोकळी होताच उन्हाळी स्टीलहेड पुन्हा दिसू लागले. लॅम्प्रेही आपणहून परतला. सर्वच मासे इतके तत्पर नाहीत: गुलाबी सॅमनची वाढ मंद आहे, आणि चिनूकमध्ये मत्स्यबीज केंद्रात जन्मलेल्यांचा भरणा अद्याप मोठा आहे. हे केंद्र चिखलाच्या वर्षांत वंश टिकविण्यास उपयोगी होते हे खरे. पण ते चालू ठेवल्याने वन्य वंश बळावतो की दुबळा होतो, यावर तीव्र मतभेद आहेत.

नदीकाठच्या लोअर एल्व्हा क्लॅलम जमातीस १८५५ च्या तहाने मासेमारीचा हक्क मिळाला होता; हक्क राहिला, मासे गेले. खालचा जलाशय आटल्यावर २०१२ मध्ये त्यांच्या उत्पत्तिकथेतील पवित्र खडक, जो पाण्याखाली गेला होता, उघडा पडला. त्याच वर्षी क्लॅलम या सालिश कुळातील भाषेचा कोश प्रसिद्ध झाला. तो टिमथी माँटलर यांनी जमातीतील वृद्धांच्या साहाय्याने सिद्ध केला. क्लॅलम मातृभाषा म्हणून बोलणारी अखेरची व्यक्ती फेब्रुवारी २०१४ मध्ये, वरचे धरण पुरते जाण्याच्या काही महिने आधी, निवर्तली. शाळेत ती भाषा आता दुसरी भाषा म्हणून शिकविली जाते. ‘पुनःस्थापना’ हा शब्द येथे जपून वापरावा लागतो: माशाच्या रक्तात वाट राहते, भाषेस बोलणारा लागतो.

धरणे काढताना नदीत मासेमारी बंद करण्यात आली होती. ती बंदी जमातीपुरती, केवळ कोहो सॅमनसाठी आणि मर्यादित संख्येने, ऑक्टोबर २०२३ मध्ये उठली.