नेच्याचा फोटो काढताना पान उलटून पाहा!



मागच्या उन्हाळ्यात आम्ही लेक डिस्ट्रिक्टमधल्या बॉरोडेलला गेलो होतो. तिथल्या ओकच्या रानात झाडांच्या फांद्यांवरसुद्धा नेचे (आपले फर्न हो!) उगवतात. धाकटी म्हणाली, "बाबा, एक उपटून घरी नेऊ या?" मी म्हटलं, "नको, फोटो नेऊ." पण घरी येऊन पाहतो तर सगळ्या फोटोंत नुसती हिरवी गर्दी! त्यानंतर चुकतमाकत जे शिकलो, ते इथे देतो आहे.

आधी, का उपटायचं नाही ते सांगतो. १८५० नंतर ब्रिटनमध्ये नेचे गोळा करण्याचं वेडच लागलं होतं. चार्ल्स किंग्जली या लेखकाने १८५५ साली त्याला 'टेरिडोमेनिया' असं नावही दिलं. लोकांनी रानंच्या रानं धुंडाळली आणि त्यात किलार्नी फर्नसारखी नाजूक जात अनेक ठिकाणांहून नाहीशी झाली. ती आजही दुर्मिळ आहे. १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार इथे जागामालकाच्या परवानगीशिवाय कुठलीही रानवनस्पती मुळासकट उपटणं गुन्हा आहे.

आता फोटो कशाचा काढायचा? नेच्याला फूल नाही, बी नाही. त्याची खरी गंमत पानाच्या मागे असते. तिथे तपकिरी ठिपके दिसतात, ते म्हणजे बीजाणूंच्या पिशव्यांचे पुंजके. नेचा ओळखायलाही त्यांचाच उपयोग होतो. पॉलिपॉडीचे ठिपके गोल, पिवळसर-केशरी आणि उघडे असतात. मेल फर्नच्या ठिपक्यांवर मूत्रपिंडाच्या आकाराचं झाकण असतं. हार्ट्स टंगच्या पानामागे तिरप्या रेघा असतात. प्रत्येक पिशवीभोवती पेशींचं एक कडं असतं. ते वाळलं की मागे ताणलं जातं आणि एकदम झटक्याने परत येतं. गोफणीतून दगड सुटावा तसे बीजाणू बाहेर उडतात!

फोटो काढताना एवढं लक्षात ठेवा:

१. जवळून फोटो काढताना जेमतेम काही मिलिमीटर भागच स्पष्ट येतो. म्हणून कॅमेरा पानाला समांतर धरा. मॅक्रो लेन्स असेल तर एफ ८ ते एफ ११ ठेवून पाहा.

२. ढगाळ दिवस उत्तम. फ्लॅश नको, पान चकाकतं. उजेड पानाच्या मागून येत असेल तर शिरा सुरेख दिसतात.

३. वारा हा मोठा शत्रू. एकाने पान अलगद धरायचं, दुसऱ्याने फोटो काढायचा. मुलांना हे काम फार आवडतं. पान तोडायचं मात्र नाही.

४. फोकस करायला स्वतःच किंचित पुढे-मागे व्हा आणि चार-पाच फोटो घ्या. एखादा तरी नीट येतोच.

५. गुडघ्याखाली प्लॅस्टिकची पिशवी घ्या. पण टेकण्याआधी खाली कोवळे कोंब नाहीत ना, ते पाहा.

गुंडाळलेले कोंब टिपायचे तर एप्रिल-मे, ठिपके टिपायचे तर जुलैपासून पुढे. ब्रॅकनच्या झुडपांत गोचिडी असतात आणि त्यांच्यामुळे लाइम रोग होऊ शकतो. तेव्हा पूर्ण पँट घाला आणि घरी आल्यावर मुलांचे हातपाय तपासा.

या वर्षी धाकटीने धरलेल्या पानाचा फोटो आम्ही साताऱ्याला आजीला पाठवला. आजीचा लगेच फोन! लहानपणी पावसाळ्यात त्या पांढऱ्या पाठीच्या नेच्याचं पान हातावर दाबायच्या आणि पानाची पांढरी नक्षी जशीच्या तशी हातावर उमटायची. हे मला इतक्या वर्षांत कधी माहीतच नव्हतं. उपटून आणलेला नेचा कुंडीत वाळला असता, एवढं नक्की.

तर मंडळी, पुढच्या बँक हॉलिडेला रानात जाल तेव्हा एखादं पान उलटून नक्की पाहा!