दारची गाडी घरीच धुवा, पण रीतसर धुवा



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण खांदेमळणी करतो. बैलाला पाण्यावर नेतो, अंगावरून हात फिरवतो, जू लागून कुठं खांदा सुजला आहे का ते बघतो. चिखल आधी भिजू देतो आणि मगच चोळतो. वाळलेल्या चिखलावर काथ्या घासणारा माणूस गावात सापडायचा नाही.

आता पुष्कळ घरांच्या दाराशी चारचाकी उभी असते. तीच गाडी सकाळी पोरांना शाळेत सोडते, दुपारी खताच्या गोण्या आणते आणि रात्री-अपरात्री आजारी माणसाला दवाखान्यात नेते. कित्येकांच्या डोक्यावर तिचा हप्ता आहे. पण तिला धुताना बैलाची रीत आपण विसरतो. कोरड्या फडक्याने धूळ झटकतो, कपड्याच्या पावडरीने घासतो आणि वरून चकाकी यावी म्हणून डिझेलचा बोळा फिरवतो. गाडी दोन दिवस चमकते. पुढे रंग मळकट होतो, पत्रा खालून सडतो, आणि विकायला काढली की गिऱ्हाईक वाकून खाली बघतं आणि भाव पाडतं.

म्हणून आज घरच्या घरी, थोड्या पाण्यात आणि थोड्या खर्चात गाडी कशी स्वच्छ ठेवावी ते पाहू. क्रम एवढाच ध्यानात ठेवा: आधी आतून, मग खालून, मग टपापासून खाली.

तयारी

गाडी सावलीत उभी करा. सकाळची किंवा दिवस कलल्यानंतरची वेळ चांगली. तापलेल्या पत्र्यावर पाणी आणि साबण लगेच वाळतात आणि त्यांचे डाग उठतात. चाकांना दगडाची उटी लावा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली धुण्यासाठी कधीही शिरू नका. जॅक घसरला तर जिवावर बेतेल.

दोन बादल्या घ्या, एक साबणाच्या पाण्याची आणि एक साध्या पाण्याची. साबण गाडीसाठी मिळणारा पातळ शाम्पूच वापरा. कपड्याची पावडर आणि भांड्याचा साबण तेलकटपणा काढतात, तसे रंगावरचे राखणीचे मेणही काढून टाकतात. फडकी मऊ सुती हवीत. जुने धोतर किंवा बनियन चालेल, पण शिवण आणि बटणे कापून टाका. बारीक धाग्याचे मायक्रोफायबरचे फडके मिळाले तर उत्तमच. गोणपाट, काथ्या आणि तारेची घासणी गाडीच्या जवळसुद्धा आणू नका.

पाण्याचाही हिशेब करा. नळीतून मिनिटाला १० लिटर पाणी येत असेल आणि ती अर्धा तास चालू राहिली, तर ३०० लिटर पाणी गेले. १५ लिटरच्या ६ बादल्या म्हणजे ९० लिटर, आणि तेवढ्यात गाडी स्वच्छ निघते. २०१६ साली एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, हे आपल्याला विसरून कसं चालेल?

गाडी ओढ्यात, तलावात किंवा विहिरीच्या काठावर धुऊ नका. गाडीचे तेल आणि ग्रीस त्या पाण्यात उतरते, आणि तेच पाणी जनावरे पितात.

आधी आतून

पायातल्या चटया बाहेर काढून झटका. सीटखालची माती कुंच्याने काढा. खताचे दाणे सांडले असतील तर पाणी न लावता कोरडेच झाडून घ्या. ओल्या फडक्याने पुसले की खत विरघळते, ते पाणी गालिच्याखाली जाऊन पत्र्यावर बसते आणि पत्रा गंजू लागतो. युरिया हवेतली ओल ओढतो. म्युरेट ऑफ पोटॅश हा तर क्लोराइडचा क्षार आहे, आणि क्षार लोखंडाचा वैरी.

स्टिअरिंग, गिअरचा दांडा आणि दारांच्या कड्या पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसा. स्टिअरिंग आणि पायाखालच्या पेडलना तेल किंवा पॉलिश लावू नका. घसरलेला पाय ब्रेकवर राहत नाही. सीटवर बादलीने पाणी ओतू नका. आतला फोम दिवसेंदिवस ओला राहतो, कुबट वास येतो. झालं की चारी दारे उघडून तासभर वारा लागू द्या.

औषध सांडले असेल तर

आता सर्वांत महत्त्वाचे. फवारणीची औषधे माणसे बसतात त्या जागेत ठेवून आणू नका. झाकण घट्ट असलेल्या टपात घालून मागे डिकीत ठेवा, आणि त्या फेरीला पोराबाळांना, धान्याला किंवा पेंडीला गाडीत घेऊ नका. बंद गाडी उन्हात तापते. सांडलेल्या औषधाची वाफ आत कोंडते आणि ती आपल्याच श्वासात जाते.

तरीही सांडलेच, तर असे करा:

१. पोरांना आणि जनावरांना लांब ठेवा. सर्व दारे उघडा. बिडी-सिगारेट पेटवू नका.

२. हातात रबरी मोजे घाला, तोंडा-नाकावर फडके बांधा. बाटलीवरची सूचना वाचा. लेबलवरचा त्रिकोण लाल किंवा पिवळा असेल तर औषध जास्त विषारी आहे असे समजा. निळा आणि हिरवा त्याहून सौम्य, पण तीही विषेच.

३. पाणी ओतू नका. सुकी माती, राख किंवा लाकडाचा भुसा टाकून औषध शोषून घ्या आणि ते सगळे एका पिशवीत भरून तोंड बांधा. ही पिशवी ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका.

४. मग ती जागा साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा पुसा. ही फडकी पुन्हा वापरू नका. ज्या चटईत किंवा गालिच्यात औषध मुरले असेल ती बदला. तिचा मोह धरू नका, पोर तिच्यावर उघड्या पायाने बसते.

५. हात, तोंड आणि अंगावरचे कपडे साबणाने धुवा. डोके दुखणे, मळमळ, फार घाम, अंधुक दिसणे किंवा धाप लागणे असे काही झाले तर वेळ न दवडता दवाखाना गाठा आणि औषधाची बाटली किंवा लेबल डॉक्टरांना दाखवा.

मग खालून

गाडीचा रंग लोक बघतात, पण गाडीचे आयुष्य तिच्या पोटाशी ठरते. काळी माती चिकट असते. ती चाकावरच्या कमानीत आतून थापली जाते आणि कित्येक दिवस ओल धरून ठेवते. वरून वाळलेली दिसली तरी आतून ओली असते, आणि गंज तिथूनच धरतो. कोकणात आणि गोव्याच्या किनाऱ्यावर खारे वारे हेच काम करतात. तिकडच्या बांधवांनी आठवड्यातून एकदा तरी खालून साधे पाणी मारावे.

चिखल आधी भिजवा, दहा मिनिटे थांबा, मग पाण्याच्या धारेने पाडा. कमानीच्या आतली कड हाताने चाचपून साफ करा. दारांच्या खालच्या कडेला लहान भोके असतात, ती पाणी निघून जाण्यासाठी आहेत. चिखलाने ती बुजली की पाणी दारातच साचते. खराट्याच्या काडीने ती मोकळी करा. तार घालू नका, आतला रंग खरवडतो.

चाके धुताना टायरवर नजर ठेवा. बाभळीचा काटा, काच किंवा चीर हाताला लागते ती याच वेळी. चाकांचे फडके वेगळे ठेवा, ते रंगावर फिरवू नका.

पुष्कळजण फवारणीचा एचटीपी पंप लावून गाडी धुतात. पंप चालेल, पण त्याची टाकी, नळी आणि गन फवारणीची नको. त्यात औषधाचा अंश राहतो आणि तो दाराच्या कडीवर, काचेवर आणि तुमच्या अंगावर येतो. धुण्याची नळी आणि गन वेगळीच ठेवा. धार दोन हात लांबून मारा. रेडिएटरची जाळी, दारांचे रबर आणि जिथे रंग उडाला आहे ती जागा यांवर जोराची धार धरू नका.

शेवटी टपापासून खाली

गाडीवरच्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण ०.१ मिलिमीटर भरते. म्हणजे वहीच्या एका कागदाएवढी. रस्त्याच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते या रंगापेक्षा कठीण असतात. कोरडे फडके फिरवले की तेच कण रंगावर ओरखडे काढत जातात. उन्हात तिरपे बघितले की कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतात ना, त्या अशाच पडतात.

म्हणून आधी टपावरून भरपूर पाणी सोडा आणि धूळ वाहू द्या. मग साबणाच्या पाण्यात फडके बुडवून टप, काचा, बॉनेट, दारे आणि शेवटी खालची पट्टी या क्रमाने हलक्या हाताने पुसा. प्रत्येक वेळी फडके आधी साध्या पाण्याच्या बादलीत विसळा, पिळा आणि मगच साबणात घाला. फडके हातातून खाली पडले तर बाजूला टाका, दुसरे घ्या. साबण वाळायच्या आत धुऊन काढा.

बोअरचे आणि विहिरीचे पाणी जड असेल तर ते वाळल्यावर पांढरे ठिपके उठतात. म्हणून गाडी वाऱ्यावर वाळू न देता लगेच सुक्या मऊ फडक्याने टिपा. ठिपके पडलेच असतील, तर पांढरे व्हिनेगर आणि तेवढेच पाणी मिसळून फडक्याने लावा आणि लगेच साध्या पाण्याने धुवा.

पाखरांची विष्ठा खरवडू नका. ओले फडके दहा मिनिटे त्यावर ठेवा, ती आपोआप सुटते. पण दिवस-दिवस राहू देऊ नका, रंग खाते. डांबराच्या ठिपक्यावर खोबरेल तेल चोळून थोडा वेळ ठेवा, पुसा आणि साबणाने धुवा. डिझेल आणि रॉकेल मात्र नकोच. त्याने रबर फुगते, धूळ चिकटते आणि आगीची भीती राहते ती वेगळीच.

दसऱ्याला आपण गाडीची पूजा करतो. जरूर करा. मात्र हळद-कुंकू आणि ओली झेंडूची फुले बॉनेटवर दिवसेंदिवस ठेवू नका, डाग बसतात. सायंकाळी पाण्याने हलकेच काढून घ्या.

इंजिनची बाजू

गरम इंजिनवर गार पाणी ओतू नका, आणि थंड इंजिनवरही धार मारू नका. आजच्या गाडीत बॅटरी, फ्यूजचा डबा, अल्टरनेटर आणि इलेक्ट्रॉनिक जोड असतात. पाणी शिरले की गाडी भररस्त्यात बंद पडते. गाडी बंद आणि गार असताना कोरड्या ब्रशने धूळ काढा, पिळलेल्या फडक्याने पुसा. काचेच्या खालच्या खाचेत कडुनिंबाचा, चिंचेचा पाला साचतो. तो काढा, नाहीतर पावसाचे पाणी तुंबून आत उतरते. वायरी उंदराने कुरतडल्या आहेत का तेही याच वेळी बघून घ्या.

मेण लावणे

स्वच्छ, कोरड्या गाडीला वर्षातून दोन-तीनदा मेणाचे पॉलिश लावा. एक वेळ पावसाळ्यापूर्वी चुकवू नका. सावलीत, एका वेळी दोन हात जागा घेऊन पातळ लावा आणि वाळले की मऊ फडक्याने पुसा. मेण उरले आहे का हे कळायला पाणी शिंपडा. गोल थेंब उभे राहिले तर मेण आहे, पाणी पसरले तर संपले.

रबिंग कंपाउंड ही वेगळी वस्तू आहे. ती रंग घासून चमक आणते, म्हणजे दर वेळी रंगाचा थर कमी होतो. वारंवार वापरू नका. ओरखड्यातून पत्रा उघडा पडला असेल तर पावसाच्या आधी तिथे रंग लावून घ्या. मेणाने गंज थांबत नाही.

उभी करण्यापूर्वी

धुतलेल्या गाडीचे ब्रेक ओले असतात आणि सुरुवातीला कमी लागतात. म्हणून गाडी लगेच रस्त्यावर पळवू नका. वाडीतच सावकाश फिरवा, चार-पाच वेळा ब्रेक दाबा आणि ते नीट लागतात याची खात्री करा. ओल्या ब्रेकवर गाडी तशीच उभी ठेवली तर गंजाने ते धरून बसतात. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागाला आणि ब्रेकच्या तबकडीला तेल, मेण काहीही लागू देऊ नका.

एवढ्या कामाला दीड-दोन तास लागतात. दर आठवड्याला सगळे करण्याची गरज नाही. आठवड्याला साधे धुणे आणि झाडणे, पावसाळ्यात शेतातून आलात की खालचा चिखल काढणे, आणि खत आणले त्याच दिवशी गाडी झाडून घेणे, एवढे नेमाने करा. घरातल्या तरण्या पोरांना हाताशी घ्या आणि त्यांना ही रीत शिकवा. बैलाची निगा आपल्याला वडिलांनी अशीच गोठ्यात उभी राहून शिकवली होती.