तोंडाला तोंड लावलेले दोन कुंभ

इनामगावच्या उत्खननात मोठ्या माणसांचे जे सांगाडे मिळाले, त्यांतल्या अनेकांना घोट्याखाली पाय नव्हते. पुरण्याआधीच ते छाटलेले होते. डोकं उत्तरेला, अंग उताणं, आणि खड्डा राहत्या घरातच. मेलेलं माणूस भूत होऊन चालत परत येऊ नये म्हणून असं करत असावेत, असा पुरातत्त्वज्ञांचा तर्क आहे. मी सध्या लिहिते आहे त्या कादंबरीचं बीज एवढंच.

इनामगाव शेजारच्या शिरूर तालुक्यातलं, पण तिथली संस्कृती ओळखली जाते आमच्या नगर जिल्ह्यातल्या एका गावाच्या नावानं. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे आहे. १९५०-५१मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे खणलं आणि तीन हजार वर्षांहून जुन्या शेतकऱ्यांची, लालवर काळी नक्षी काढलेली भांडी वर आली. मग नेवासे, मग दायमाबाद. सगळी प्रवरेचीच लेकरं. याच नदीच्या काठी मी वाढले. नांगरटीत निघालेल्या खापरांच्या ठिकऱ्या करून आम्ही खेळायचो.

माझी कादंबरी भूतकथाही आहे आणि विज्ञानकथाही. भूतकथेत भूत आहे एवढं वाचकानं मान्य केलं की भागतं. विज्ञानकथेत कारण द्यावं लागतं. या दोन्हींचं मिश्रण अवघड आहे ते यामुळे, की कारण कळलं की माणसाची भीती ओसरते. आमच्या प्रकारात कारण कळल्यावर ती वाढली पाहिजे.

मराठीत ही वाट नारायण धारपांनी मळलेली आहे. विज्ञान-तंत्रज्ञानाचं शिक्षण घेतलेला हा लेखक एका हातानं ‘लुचाई’ ही भयकादंबरी लिहीत होता आणि दुसऱ्या हातानं ‘नेनचिम’ ही विज्ञानकादंबरी. त्यांच्याकडून मी शिकले ते हे, की आधी घर खरं वाटलं पाहिजे. जिन्याची कुरकुर, स्वयंपाकघरातला उजेड, नोकरी करणारा साधा नवरा हे सगळं पक्कं बसलं, की दाराबाहेरच्या अभद्राला जागा मिळते. जयंत नारळीकरांकडून दुसरी शिस्त घेतली. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं पाठवली, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांना जगताप कोण हे ठाऊक नव्हतं. कथा उभी राहिली ती तिच्यातल्या विज्ञानावर. म्हणून मी स्वतःला एकच खोटं बोलायची परवानगी दिली आहे. बाकी सगळं खरं असलं पाहिजे.

ते एक खोटं शोधण्यातच सगळ्यात जास्त वेळ गेला. पाय छाटण्याची ती प्रथा अंधश्रद्धा नसेलच तर? मेलेलं माणूस खरंच उठत असेल तर? मुंग्यांच्या शरीरात शिरून त्यांना पानाच्या शिरेला चावून लटकत मरायला लावणारी बुरशी निसर्गात आहे, पण परदेशी कथा-मालिकांनी ती इतकी वापरली आहे की तिला हात लावावासा वाटेना. मला आमच्या मातीतला रोग हवा होता.

तो एका निवृत्त पशुधन पर्यवेक्षकांनी दिला. ओसरीवर बसून ते म्हणाले, “ताई, फाशीचं जनावर कधी फाडायचं नसतं. कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा अन् खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं.” फाशी म्हणजे काळपुळी, अँथ्रॅक्स. मेलेलं जनावर उघडलं की आतल्या जिवाणूंना हवा लागते आणि ते टणक कवचाचे बीजाणू होतात. ते मातीत अनेक दशकं जिवंत राहतात. २०१६मध्ये सैबेरियातल्या यमाल भागात गोठलेली जमीन वितळली आणि जुन्या काळी मेलेल्या रेनडिअरमधून हा रोग पुन्हा उठला असं मानतात. त्यात एक लहान मुलगा गेला.

मातीत दीर्घकाळ टिकणं हे काळपुळीचं सामर्थ्य. रेबीजचं वेगळं. त्याचा विषाणू चावलेल्या जागेपासून मज्जातंतूंतून हळूहळू मेंदूकडे जातो आणि प्राण्याचं वागणंच ताब्यात घेतो. या दोन खऱ्या गोष्टींचं मी लग्न लावलं. माझं खोटं ते एवढंच.

जागेसाठी कल्पना ताणावी लागली नाही. रात्रीची लाईट असली की उसाला पाणी द्यायला माणूस एकटा बॅटरी घेऊन शेतात जातो. दोन्हीकडे डोक्याच्या वर ऊस. पान हललं की पहिला विचार बिबट्याचा. ही भीती काही पुस्तकी नाही. पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला २००९मध्ये विहिरीतून काढलेल्या ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याला रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं, तर तो थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत चालत गेला. आमच्या भागातला वाचक उसाच्या सरीत पाय ठेवतो तोच सावध होऊन. तिथे मी सावल्या, किंकाळ्या घालत नाही. पाटाचं पाणी एका जागी अडलेलं दाखवते आणि थांबते.

पहिला खर्डा तरीही नुसताच भीतिदायक होता. चांगला होता, पण त्यात जीव नव्हता. तो आला लहान मुलांमुळे. जोर्वे संस्कृतीत मुलांना पुरायची रीत निराळी होती. दोन कुंभ आडवे ठेवून त्यांची तोंडं एकमेकांना जुळवायची, आत ते लेकरू, आणि वर घराची जमीन. हे मला आधीपासून माहीत होतं, पण कथेच्या संदर्भात पुन्हा वाचलं तेव्हा पेन खाली ठेवावं लागलं. माझ्या कथेतल्या गावाला पाय छाटणं भाग आहे. पण कोणती आई पोराचे पाय छाटू देईल? म्हणून तिनं दुसरा कुंभ मागितला. पहिल्या खर्ड्यात शेततळं खोदताना जेसीबीच्या दातांना लागलेले ते कुंभ आता नुसतं रोगाचं कोठार राहिले नव्हते. आईनं जगाशी केलेला तो करार होता, आणि आम्ही तो फोडला होता. त्यानंतर सगळी कादंबरी मी नव्यानं लिहायला घेतली. गावातली पशुवैद्यक डॉक्टर नायिका झाली, आणि तिला मुलगी दिली.

शेवट बराच काळ सापडत नव्हता. तोही इनामगावातच होता. तिथे एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा रांजण निघाला. आत एक पुरुष, बसलेल्या अवस्थेत. त्याचे पाय शाबूत. तो गावाचा प्रमुख असावा, असं अभ्यासक मानतात. मानाचं माणूस म्हणून पाय राखले असतील, हे पटण्यासारखं आहे. माझ्या कादंबरीत मात्र त्याला रोगाची चाहूल सगळ्यांच्या आधी लागते. तो रांजण घडवून घेतो आणि जिवंतपणीच, स्वतःच्या पायांनी चालत जाऊन आत बसतो. डॉक्टरला हे कळतं तेव्हा तिच्या मुलीला चावा बसून गेलेला असतो. सध्या मी ते प्रकरण लिहिते आहे.