चेरीच्या झाडाखालची डायरी

कुणाचं हस्तलिखित वाचलं आणि कुणाचं गेलं, याचा माग काढत राहायची मला जुनी ओढ. युक्रेनपुरती ती मिकोला झेरोव्ह यांच्यापासून सुरू झाली. सोलोव्हकीच्या सोव्हिएत बंदी-छावणीत हा कवी व्हर्जिलचं ‘ईनिड’ युक्रेनीत आणत होता. ३ नोव्हेंबर १९३७ रोजी सांदारमोखच्या जंगलात त्यांना गोळी घातली गेली. अनुवादाचं बाड अजून मिळालेलं नाही. त्या दशकात लेखकांची आख्खी पिढी अशीच कापली गेली, आणि तेच पुन्हा घडेल ही भीती २०२२ मध्ये व्हिक्टोरिया अमेलिना यांनी उघड बोलून दाखवली.

अमेलिना १९८६च्या, ल्विव्हच्या. संगणक क्षेत्रातली नोकरी त्यांनी २०१५ मध्ये सोडली आणि पूर्णवेळ लेखन धरलं. त्यांच्या दुसऱ्या कादंबरीत, विज्ञानकथाकार स्तानिस्लाव्ह लेम यांचं बालपण जिथे गेलं त्या ल्विव्हच्या घरात नंतर राहायला आलेल्या कुटुंबाची गोष्ट एक पूडल कुत्रा सांगतो. दोनेत्स्क प्रांतातल्या न्यूयॉर्क नावाच्या गावात त्यांनी २०२१ मध्ये साहित्य महोत्सव भरवला. २०२२ मध्ये रशियाशी युद्ध पेटल्यावर कादंबरी बाजूला ठेवून त्या युद्धगुन्ह्यांच्या नोंदी घेऊ लागल्या.

इझ्यूमजवळच्या कापितोलिव्का गावात व्होलोदिमिर वाकुलेंको हे मुलांसाठी लिहिणारे लेखक राहत. गाव रशियन सैन्याच्या ताब्यात असताना ते डायरी लिहीत होते. २३ मार्च २०२२ रोजी त्यांनी ती अंगणातल्या चेरीच्या झाडाखाली पुरली आणि वडिलांना सांगून ठेवलं, आपली माणसं आली की त्यांच्या हाती द्या. दुसऱ्याच दिवशी सैनिक त्यांना घेऊन गेले. सप्टेंबरमध्ये गाव सुटलं. वडिलांनी उकरून पाहिलं होतं, पण हाती काही लागलं नव्हतं. २४ सप्टेंबरला अमेलिना तिथे पोहोचल्या आणि त्यांनी स्वतः खणायला घेतलं. मातीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद निघाले. त्यांनी पानांचे फोटो काढून ठेवले. मूळ डायरी खारकिव्हच्या साहित्य संग्रहालयाकडे गेली. वाकुलेंको यांचा मृतदेह इझ्यूमच्या जंगलातल्या ३१९ क्रमांकाच्या कबरीत निघाला. ओळख पटली ती नोव्हेंबरअखेर, डीएनए चाचणीनंतर.

माझ्या लेखी अमेलिनांच्या दोन्ही कादंबऱ्यांपेक्षा ही खणलेली पानं मोठी आहेत. झेरोव्ह यांच्यासाठी असं खणणारं कुणी नव्हतं.

डायरीचं पुस्तक जून २०२३ मध्ये कीव्हच्या ग्रंथमेळ्यात अमेलिनांनीच वाचकांपुढे आणलं. २७ जूनला कोलंबियाच्या लेखक-पत्रकारांसोबत त्या क्रामातोर्स्कच्या एका रेस्तराँत जेवत असताना रशियन क्षेपणास्त्र आदळलं. १ जुलैला त्या गेल्या. वय ३७.

युद्धातल्या स्त्रियांवरचं त्यांचं पुस्तक अर्ध्याहून थोडं पुढे सरकलं होतं. २०२५ मध्ये ते इंग्रजीत आलं आणि त्याला ऑर्वेल पारितोषिक मिळालं. पती आणि मित्रमंडळींनी ते सिद्ध करताना रिकाम्या जागा आपल्या वाक्यांनी बुजवल्या नाहीत. जिथे नुसती टिपणं होती तिथे टिपणंच छापली. ते फार योग्य केलं. साक्षीदाराच्या तोंडी दुसऱ्याने शब्द घालायचे नसतात, आणि अमेलिना त्या वर्षभर साक्षीच गोळा करत होत्या.